घटस्फोट की परत जुळवायचं? ख्रिस्ती घरात हा प्रश्न आला तर काय काय करायचं

दर दोन-तीन महिन्यांनी कोणाचातरी फोन येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, ताई आधी पास्टरकडे जाऊ का वकिलाकडे. मलाच का विचारतात तर माझ्या लग्नाला सतरा वर्षं झाली, त्यातले मधले एकोणीस महिने मी माहेरी नागपूरच्या मेकोसाबागेत काढले आणि मग परत नांदायला गेले, आणि माझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीचा त्याच काळात कोर्टातून डिव्होर्स झाला. एकाच घरातल्या दोन पोरी, बायबल एकच, आई रात्री गुडघे टेकून दोघींसाठी सारखीच प्रार्थना करायची, आणि दोघींचे रस्ते वेगळे झाले. दोन्ही बरोबर होते असं मी आज मनापासून म्हणते. म्हणून फोनवर जे तुकड्यातुकड्यात सांगते ते एकदा नीट लिहून ठेवतेय.

सगळ्यात आधी एकच गोष्ट बघा, घरात मार आहे का. मार म्हणजे रोजच मारलं पाहिजे असं नाही, वर्षातून दोनदा गळा धरला तरी तो मारच, आणि पोरांसमोर ताट फेकणं, पगार काढून घेणं, फोन हिसकावणं, बाहेरून कडी लावणं हेही त्यातच येतं. असं असेल तर या लेखातलं बाकीचं सगळं नंतर वाचा. आधी सुरक्षित जागी जा. 112 वर पोलीस, 181 वर महिला हेल्पलाइन, आणि नागपूर पोलिसांचा भरोसा सेल आहे तिथे समुपदेशकही बसतात. मेयो किंवा मेडिकल या सरकारी दवाखान्यांत गेलात तर डॉक्टरला बाथरूममध्ये पाय घसरला असं सांगू नका, जे झालं ते सांगा आणि कागदावर लिहून घ्या, माझ्या ताईकडे, म्हणजे त्या मोठ्या बहिणीकडे, पहिल्या दोन वेळचे कागद नव्हतेच कारण दोन्ही वेळा ती पायऱ्यांवरून पडले असं बोलली होती. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात घटस्फोट न मागताही संरक्षण मिळतं, राहत्या घरात राहायचा हक्क मागता येतो, खर्च मागता येतो. हे पुष्कळ बायांना माहीतच नसतं, त्यांना वाटतं कोर्टात गेलं म्हणजे लग्न मोडायलाच गेलं.

आणि इथेच आपल्या लोकांचं एक वाक्य येतं, ते मला फार दुखतं. पोरी सहन कर, प्रार्थना कर, प्रभू पाहून घेईल. ताईला हे तीन वेगवेगळ्या माणसांनी सांगितलं, त्यात एक मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, मोठे जबाबदार गृहस्थ होते, आणि वर बायबलमधल्या मलाखीच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय सोळावं वचन वाचून दाखवलं की देवाला घटस्फोटाचा तिटकारा आहे. वचन आहे, मी नाही म्हणत नाही. पण तो अध्याय तेराव्या-चौदाव्या वचनापासून वाचा ना, तिथे देव कोणाशी बोलतोय? ज्या नवऱ्यांनी आपल्या तारुण्यातल्या बायकोशी विश्वासघात केला त्यांच्याशी. आणि त्याच सोळाव्या वचनात पुढे हिंसेने वस्त्र झाकणाऱ्या माणसाचाही उल्लेख आहे, तो भाग कोणी वाचत नाही. म्हणजे जे वचन मारणाऱ्याला झापायला आलं तेच मार खाणारीच्या तोंडावर मारलं जातं. तुम्हाला कोणी हे वचन ऐकवलं तर बायबल उघडून पूर्ण उतारा त्यांच्यासोबत बसून वाचा, भांडण नको, फक्त वाचा.

मार नाही, जीवाला धोका नाही, पण घर तुटायला आलंय, अशांसाठी आता पुढचं. पहिले काही आठवडे तोंड सांभाळा. आपला समाज नागपुरात इतका जवळजवळचा की सदरला सकाळी कुणाच्या घरी काही झालं तर संध्याकाळच्या प्रार्थना सभेत जरीपटक्याच्या काकू विचारतात, काहून वं, जावई दिसत नाही? मी माहेरी आल्यावर पहिल्या रविवारी चर्चमध्ये सात जणींना सात वेगवेगळी उत्तरं दिली आणि मग ती उत्तरं एकमेकींशी जुळेनात. तर आधीच दोन माणसं ठरवा, फक्त दोन, ज्यांना सगळं खरं सांगायचं. त्यातलं एक शक्यतो नात्यातलं नको. बाकी सगळ्यांना एकच वाक्य, घरी थोडा कठीण काळ आहे, प्रार्थना करा. मत्तय 18 मध्ये येशूने क्रमच सांगितलाय, आधी एकट्याने जाऊन बोल, नाही ऐकलं तर एक-दोघांना घेऊन जा, तरी नाही तर मंडळीला सांग. आपल्याकडे नेमकं उलटं होतं, आधी मंडळीला कळतं, मग मामा-काका येऊन बसतात, आणि ज्याच्याशी बोलायचं होतं त्याच्याशी बोलणं शेवटी होतं किंवा होतच नाही. फक्त हा क्रम मारणाऱ्या माणसासाठी लावू नका, तिथे एकटीने जाऊन बोल हा सल्ला धोक्याचा आहे.

मग बायबल स्वतः वाचा, दुसऱ्याने काढून दिलेली वचनं नको. मी माहेरी असताना एका महिन्यात मत्तय 19, मार्क 10, 1 करिंथ 7 आणि अनुवाद (हे बायबलमधल्या पुस्तकाचं नाव) 24 इतकंच परत परत वाचलं. मत्तय 19 मध्ये परुशी, म्हणजे धर्मनियम कडकपणे पाळणारे यहुदी, येशूला विचारतात की कोणत्याही कारणाने बायको टाकता येते का. तेव्हा यहुदी शिक्षकांमध्ये दोन मतं होती, शम्मायची माणसं म्हणायची फक्त अनैतिक वागणुकीसाठी, हिल्लेलची माणसं म्हणायची जेवण करपवलं तरी चालेल, आणि सूटपत्र, म्हणजे घटस्फोटाचा कागद, द्यायचा अधिकार मुख्यतः पुरुषाचाच. म्हणजे बाई एका कागदावर रस्त्यावर यायची. त्या लोकांना येशू म्हणतो की देवाने जे जोडले आहे ते माणसाने तोडू नये. हे मला कळलं तेव्हा त्या वचनाचा आवाजच बदलला, आधी ते मला धमकीसारखं ऐकू यायचं, नंतर लक्षात आलं की ते टाकून दिलेल्या बाईच्या बाजूने उभं राहून बोललेलं आहे. त्याच उताऱ्यात व्यभिचाराचा अपवाद आहे, तो मत्तयमध्ये आहे, मार्कमध्ये नाही, आणि या एका फरकावरून चर्चांमध्ये शेकडो वर्षं मतभेद आहेत. 1 करिंथ 7 मध्ये पौल दहाव्या-अकराव्या वचनात म्हणतो वेगळं होऊ नका, आणि लगेच पुढे, पण झालीच तर तशीच राहावी नाहीतर नवऱ्याशी समेट करावा. म्हणजे वेगळं राहणं होऊ शकतं हे पौलाला माहीत होतं, ते त्याने लपवलं नाही. पंधराव्या वचनात विश्वास न ठेवणारा जोडीदार सोडून गेला तर विश्वासी माणूस बांधलेला नाही असं आहे. नवरा किंवा बायको हिंदू, बौद्ध असलेली लग्नं आपल्याकडे कमी नाहीत, त्यांनी बारापासून सोळापर्यंत सावकाश वाचावं.

आता कोणत्या चर्चचं काय मत हे ज्याने त्याने आपल्याच चर्चमध्ये विचारायचं, कारण खरंच फरक आहे. कॅथलिक शिकवणीत दोन बाप्तिस्मा झालेल्यांचं वैध आणि पूर्ण झालेलं (म्हणजे लग्नानंतर शरीरसंबंध आलेलं) लग्न मरेपर्यंत सुटत नाही. सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मेथडिस्ट, बाकीच्या प्रॉटेस्टंट मंडळ्या यांच्यात कोर्टाचा घटस्फोट मानला जातो पण दुसऱ्या लग्नाच्या वेळी पाळक, म्हणजे पास्टर, चौकशी करतात, आणि काही स्वतंत्र मंडळ्या तर कॅथलिकांपेक्षाही कडक आहेत. शेजारणीच्या पास्टरने काय सांगितलं त्यावर आपला निर्णय उभा करू नका.

समेट या विषयावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय. आपल्याकडे क्षमा आणि परत नांदायला जाणं हे एकच समजतात. माफ केलंस ना, मग जा ना घरी. मला हे योसेफाच्या गोष्टीतून सुटलं. उत्पत्ती 42 ते 45 वाचा. भावांनी त्याला विकलं, वीस-बावीस वर्षांनी तेच भाऊ धान्य मागायला मिसरात (इजिप्तमध्ये) येतात, तो त्यांना ओळखतो, बाजूला जाऊन रडतो, म्हणजे मनातून राग विरघळलेला आहे. तरी लगेच मिठी मारत नाही. तो बघतो की हे बदलले का. शिमोनाला ठेवून घेतो, बन्यामिनाला आणायला लावतो, प्याला पोत्यात लपवतो. आणि जेव्हा यहूदा, ज्याने त्याला विकायची कल्पना काढली होती तोच, बन्यामिनाच्या जागी मला गुलाम ठेवा म्हणतो, तेव्हा योसेफ सगळ्यांना बाहेर काढून मोठ्याने रडतो आणि मी योसेफ म्हणून सांगतो. क्षमा त्याच्या मनात आधीच होती, घरचा दरवाजा त्याने पुरावा दिसल्यावर उघडला. मला वाटतं समेटाबद्दल बायबलमध्ये याच्याइतकं उपयोगी काही नाही.

आमच्याकडे भांडण पैशाचं होतं. नवऱ्याने माझ्या नकळत तीन ठिकाणांहून कर्ज घेतलं, माझे दागिने गहाण टाकले आणि चार वर्षं खोटं बोलत राहिला. एकोणीस महिन्यांत तो किमान सहा वेळा सॉरी म्हणाला, रडलाही, उपासनेत पुढे जाऊन प्रार्थनाही घेतली. मी नाही गेले. ज्या दिवशी तो पासबुक, कर्जाचे सगळे कागद, गहाणाच्या पावत्या एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून बाबांच्या घरी आला आणि टेबलावर उलटी केली आणि म्हणाला आता यातलं काहीच लपलेलं नाही, त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की हा माणूस वळलाय. बायबलमधल्या जक्कय नावाच्या जकातदाराने पण तेच केलं, येशू घरी आल्यावर नुसता रडला नाही, ज्याचं घेतलं त्याचं चौपट परत करतो म्हणाला, लूक 19. तर समोरचा पश्चात्ताप करतोय का हे अश्रूंवरून बघू नका, त्याने काय परत केलं, काय उघडं केलं, काय बंद केलं त्यावरून बघा. दारू असेल तर सोडली हे तोंडी नको, अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या मीटिंगला किती महिने सलग जातोय ते बघा. बाहेर संबंध असेल तर तो नंबर, ती नोकरी, तो ग्रुप, जे काय असेल ते सुटलं का, आणि परत एकत्र यायच्या आधी दोघांनी डॉक्टरकडे जाऊन टेस्ट करून घ्या, यात लाजण्यासारखं काही नाही.

प्रत्यक्ष कसं करायचं. आधी वेगळं राहायची मुदत ठरवा आणि कागदावर लिहा, आम्ही सहा महिने लिहिले होते, ते वाढत गेले. त्या काळात खर्च कोण देणार, पोरं कोणत्या वारी कुठे, फोन किती वाजेपर्यंत, चर्चला कोण कोणत्या उपासनेला येणार, सगळं. पहिली भेट कोणाच्याच घरी नको, सासरचे-माहेरचे आजूबाजूला असले की दोघं आपापल्या घरच्यांसाठी बोलतात. आम्ही महाराजबागेत भेटलो, पोरगी प्राणी बघत होती आणि आम्ही बाकावर, पहिल्यांदा फक्त चाळीस मिनिटं, आणि ठरवूनच फक्त पोरीच्या शाळेबद्दल बोललो. दुसऱ्यांदा पैशाबद्दल. मूळ जखमेवर पाचव्या भेटीत आलो आणि तेव्हा सोबत एक तिसरी व्यक्ती होती. ही तिसरी व्यक्ती फार विचारपूर्वक निवडा, पाळक चांगले असतील तर त्यांना घ्याच, पण प्रार्थना करणं आणि समुपदेशन करणं ही दोन वेगळी कामं आहेत, ज्यांनी शिकून हे काम केलंय असा समुपदेशक पण लागतो. पाळक तुम्हाला दोघांना वेगवेगळं भेटायला तयार नसतील, किंवा पहिल्याच भेटीत हातात हात द्यायला लावत असतील, तर दुसरे बघा.

आणि नाताळ, ईस्टर, कोणाचं लग्न, असा मुहूर्त धरून परत जाऊ नका. पाव्हण्यांसमोर जोडीने उभं राहायचं म्हणून गेलेल्या दोन जोड्या मी पाहिल्यात, दोन्ही फेब्रुवारीपर्यंत परत वेगळ्या. आपल्या नागपुरातच 29 नोव्हेंबर 1970 ला ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा चर्च एकत्र येऊन सीएनआय झालं, त्याची बोलणी 1929 पासून चालली होती, चाळीस वर्षं, आणि तरीही एक मोठी मेथडिस्ट मंडळी शेवटी आली नाही. चर्चांना एकत्र यायला इतका वेळ लागला तर दुखावलेल्या नवरा-बायकोला एका उपवास प्रार्थनेत जोडायची घाई का?

आता समेट होत नाही असं दिसलं तर. कायद्याचं थोडं समजून घ्या, कारण इथे गैरसमज फार आहेत. ख्रिस्ती लग्न 1872 च्या कायद्याने लागतं आणि घटस्फोट 1869 च्या डिव्होर्स अॅक्टने होतो. आधी या कायद्यात पुरुषाला फक्त व्यभिचार सिद्ध करावा लागायचा आणि बाईला व्यभिचारासोबत अजून काहीतरी, क्रूरपणा किंवा सोडून देणं. 1997 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा भेदभाव घटनेविरुद्ध ठरवला आणि 2001 मध्ये संसदेने कायदाच बदलला. आता क्रूरता, दोन वर्षं सोडून देणं, व्यभिचार, धर्मांतर ही कारणं दोघांनाही सारखी आहेत. परस्पर संमतीचं कलम 10 अ आहे, त्यात कायद्याच्या मजकुरात दोन वर्षं वेगळं राहिलेलं लागतं, हिंदू विवाह कायद्यात एक वर्ष आहे, आणि यावर केरळ उच्च न्यायालयाने वेगळे निकाल दिलेत म्हणून आपल्या केसला काय लागू होईल ते वकिलाकडूनच समजून घ्या. अर्ज टाकल्यावर सहा महिन्यांनंतर आणि अठरा महिन्यांच्या आत दोघांनी परत कोर्टासमोर यावं लागतं. हा मधला काळ नुसता वाट बघण्यात घालवू नका. फॅमिली कोर्ट 1984 च्या कायद्याने आधी समेटाचा प्रयत्न करायला बांधलेलं आहे, तिथे विवाह समुपदेशक असतात, आणि जुळायची शक्यता दिसली तर कोर्ट सुनावणी पुढे ढकलू शकतं. ताईला पहिल्यांदा तिथल्या समुपदेशक बाईंनी कोणी मध्ये न बोलता पाऊण तास ऐकलं.

लग्न तोडायचं नाही पण एकत्रही राहता येत नाही, असंही असतं, त्याला न्यायिक विभक्तता आहे, म्हणजे लग्न न मोडता कोर्टाच्या हुकमाने वेगळं राहणं, डिव्होर्स अॅक्टचं कलम 22. ज्यांचा विवेक घटस्फोटाला तयार होत नाही अशा पुष्कळ ख्रिस्ती बायांना हा मधला रस्ता कोणी सांगतच नाही. अर्ज जिथे लग्न लागलं, किंवा जिथे दोघं राहतात किंवा शेवटचं एकत्र राहिले तिथल्या कोर्टात होतो. लग्न स्पेशल मॅरेज अॅक्टने रजिस्टर केलं असेल तर सगळं त्या कायद्याने. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, बायांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, फोन 15100. जाताना चर्चच्या रजिस्टरमधल्या विवाह दाखल्याची प्रत, पोरांचे जन्मदाखले, बँकेचे कागद घेऊन जा, आणि हे सगळं घरातून बाहेर पडायच्या आधीच जमवून ठेवा, नंतर कपाट उघडायला मिळत नाही.

कॅथलिक असाल तर दोन गोष्टी मनात वेगळ्या ठेवा. कोर्टाचा घटस्फोट चर्चच्या दृष्टीने लग्न संपवत नाही, आणि चर्चच्या ट्रिब्युनलने, म्हणजे चर्चच्या स्वतःच्या न्यायालयाने, लग्न रद्दबातल ठरवणारा दिलेला निर्णय कोर्टासाठी घटस्फोट होत नाही, 2017 मध्ये सुप्रीम कोर्टाने हे परत स्पष्ट केलं. म्हणजे दोन्ही ठिकाणी जावं लागतं. ट्रिब्युनल लग्न तोडत नाही, ते बघतं की सुरुवातीलाच खरी संमती होती का, जबरदस्ती होती का, मोठी फसवणूक होती का. 2015 मध्ये पोप फ्रान्सिसनी ही प्रक्रिया सोपी केली, आधी दोन न्यायालयांचे एकसारखे निर्णय लागायचे ते आता लागत नाही. सुरुवात आपल्या पॅरिशच्या फादरपासून करा. आणि यामुळे पोरं अनौरस होतात ही भीती काढून टाका, चर्चचा कायदाच असं म्हणत नाही. दुसरी भीती प्रसादाची, म्हणजे कम्युनियनची. फक्त घटस्फोट झाला म्हणून कोणाला कम्युनियनपासून दूर ठेवलं जात नाही, प्रश्न येतो तो चर्चबाहेर दुसरं लग्न केल्यावर. माझ्या ओळखीची एक मावशी अकरा वर्षं मागच्या बाकावर बसून राहिली, रांगेत गेलीच नाही, कारण कोणीतरी तिला चुकीचं सांगितलं होतं. अकरा वर्षं.

पोरांबद्दल थोडंच, पण ते सोडू नका. त्यांच्या हातून निरोप पाठवू नका, पप्पांना सांग फी भरायला वगैरे. संडे स्कूलच्या टीचरला आधीच सांगून ठेवा म्हणजे कुटुंबाचं चित्र काढा म्हटल्यावर पोर एकटं पडत नाही. आणि आजी-आजोबा दोन्हीकडचे राहू द्या, त्यांचा काही दोष नसतो.

मंडळीतल्या लोकांसाठी पण एक. ताईचा निकाल लागल्यावर पहिल्या रविवारी ती चर्चला आली तर तिच्या बाकावर कोणी बसेना, लोक वाईट नव्हते, काय बोलायचं ते कळत नव्हतं. मग गायनमंडळातली एक म्हातारी काकू येऊन शेजारी बसली, गीतांचं पुस्तक मध्ये धरलं आणि उपासना संपल्यावर म्हणाली चल, तुझ्या आवडीचे तर्री पोहे केलेत. काही विचारलं नाही. तेवढंच करा.

पुढे दुसऱ्या लग्नाचा विचार आला तर तारीख ठरवायच्या आधी पाळकांशी बोला, हॉल बुक करून मग नाही, कारण तुमचं चर्च लावेल की नाही हे तेव्हा कळणं दोघांसाठीही वाईट. डिक्रीची, म्हणजे कोर्टाच्या घटस्फोटाच्या हुकमाची, सर्टिफाइड कॉपी घेऊन ठेवा, आणि अपिलाची मुदत संपल्याशिवाय, किंवा अपील झालं असेल तर ते फेटाळलं गेल्याशिवाय डिव्होर्स अॅक्टच्या कलम 57 प्रमाणे लग्न करता येत नाही, वकिलाकडून ती तारीख लेखी मागून घ्या. ताईने ती तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पेनने गोल करून ठेवली होती, लग्न करायचं म्हणून नाही, तिने अजून केलेलं नाही, तिला फक्त माहीत असायला हवं होतं.